वाचकांचे प्रश्न : केट शोपँ यांच्या कथेतील रेल्वे अपघात

प्रश्न : महाविद्यालयात इंग्रजीच्या अभ्यासक्रमात केट शोपँ यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ ही कथा आम्हांला होती. रेल्वे अपघातात पती गेल्याची बातमी कळल्यावर मिसेस मॅलर्ड खोलीत एकट्या बसतात, हळूहळू त्यांना मोकळे वाटू लागते आणि शेवटी पती जिवंत परतलेला पाहून त्यांचाच मृत्यू होतो. लेखिकेचे पती असेच रेल्वे अपघातात गेले होते व ही त्यांची स्वतःची कहाणी आहे, असे आम्हांला सांगण्यात आले होते. ते खरे आहे का? पुढे ही लेखिका विस्मृतीत का गेली? त्यांच्या आणखी कोणत्या कथा वाचाव्यात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अपघात खरा आहे, पण त्यात गेले ते पती नव्हेत, वडील. केट यांचा जन्म १८५० साली मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे झाला. वडील टॉमस ओ’फ्लॅहर्टी आयर्लंडहून तेथे आले आणि व्यापारात नावारूपाला आले. त्यामुळेच पॅसिफिक रेलरोडच्या नव्या मार्गावरून निघालेल्या पहिल्या गाडीचे निमंत्रण मिळालेल्या प्रतिष्ठितांत त्यांचा समावेश होता. १ नोव्हेंबर १८५५ रोजी गॅस्कोनेड नदीवरचा पूल त्या गाडीखाली कोसळला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. केट तेव्हा पाच वर्षांच्या होत्या.

पती ऑस्कर शोपँ यांचा मृत्यू डिसेंबर १८८२ मध्ये हिवतापाने झाला. न्यू ऑर्लिन्समधील कापसाची दलाली बसल्यावर हे कुटुंब लुइझियानातील क्लूटिएव्हिल या खेड्यात येऊन दुकान चालवत होते. ऑस्कर गेले तेव्हा केट बत्तीस वर्षांच्या होत्या. पदरात सहा मुले होती आणि डोक्यावर कर्ज. त्यांनी वर्षभराहून अधिक काळ दुकान स्वतः सांभाळले आणि १८८४ मध्ये त्या आईकडे सेंट लुइसला परतल्या. पुढच्याच वर्षी आई वारली. त्यांचे लेखन त्यानंतरचे आहे : घरोबा असलेले डॉक्टर फ्रेडरिक कोल्बेनहायर यांनी त्यांना लिहिण्याचा आग्रह केला आणि १८८९ पासून त्यांच्या कथा छापून येऊ लागल्या.

कथेच्या मुळाशी एखादी खरीखुरी विधवा शोधायचीच असेल, तर माझ्या मते ती केट यांची आई एलायझा होय. तिचे लग्न कोवळ्या वयात दुपटीहून मोठ्या विधुराशी झाले, तिशीच्या आत तिला वैधव्य आले आणि त्यानंतर पुनर्विवाह न करता ती तीस वर्षे जगली. केट यांच्या बालपणीच्या त्या घरात आजी आणि पणजी होत्या, त्याही विधवाच. नवऱ्याच्या शब्दावाचून चालणारा संसार केट यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिला होता, आणि मिसेस मॅलर्ड यांना जी पुढली वर्षे तासाभरापुरती दिसतात, ती एलायझा यांना खरोखर लाभली होती.

एप्रिल १८९४ मध्ये लिहिलेली ही कथा त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या ‘व्होग’मध्ये ‘द ड्रीम ऑफ ॲन अवर’ या शीर्षकाने प्रसिद्ध झाली. कथा जेमतेम हजार शब्दांची आहे, म्हणून पुन्हा वाचताना दोन जागी अवश्य थांबावे. पहिली जागा नवऱ्याच्या स्वभावाची. ब्रेंटली मॅलर्ड दारुडा नाही, मारकुटा नाही; त्याने आपल्याकडे प्रेमाखेरीज कोणत्याही नजरेने पाहिले नाही, हे त्या बाईला पक्के ठाऊक आहे. तो दुष्ट असता तर वाईट नवऱ्यापासून सुटका झाल्याची एक साधी गोष्ट उरली असती. तो भला असल्यामुळे कथेचा आक्षेप एका माणसाने दुसऱ्यावर, मग ते सद्हेतूने का असेना, आपली इच्छा लादण्यावर जाऊन ठेपतो, आणि फॅशनच्या साप्ताहिकात छापलेल्या कथेने १८९४ मध्ये हे म्हणावे ही लहान गोष्ट नव्हे. शेवटी हातात बॅग आणि छत्री घेतलेला ब्रेंटली दार उघडून आत येतो, त्याला अपघाताची गंधवार्ताही नसते. आणि डॉक्टर मृत्यूचे कारण अतिआनंद असे सांगतात. ते किती चुकीचे आहे हे घरातल्या कोणालाच कळत नाही, फक्त वाचकाला कळते.

दुसरी जागा खिडकीची. मिसेस मॅलर्ड आरामखुर्चीत बसून ढगांमधून दिसणारे निळ्या आभाळाचे तुकडे पाहत असतात. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९९ मध्ये, सेंट लुइसच्या ‘पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्रात आपल्या लेखनाच्या सवयींविषयी लिहिताना शोपँ यांनी स्वतःच्या बैठकीचे वर्णन केले : खिडकीलगतची आरामखुर्ची, मांडीवर फळी, बाहेर थोडी झाडे आणि आभाळाचा एक निळसर तुकडा. नायिकेला त्यांनी आपले चरित्र दिलेले नाही, पण बसण्याची जागा मात्र दिली असावी.

विस्मृतीचे कारण सहसा ‘द अवेकनिंग’ ही १८९९ ची कादंबरी मानले जाते. विवाहित नायिकेच्या परपुरुषाकडे असलेल्या ओढीचा लेखिकेने निषेध केला नाही, म्हणून समीक्षकांनी तिच्यावर झोड उठवली हे खरे. पण सेंट लुइसच्या ग्रंथालयांतून तिच्यावर बंदी घातली गेली या दंतकथेला पुरावा सापडलेला नाही, आणि या टीकेनंतर त्यांनी लिहिणेच सोडले हेही खरे नाही. अधिक मोठा फटका प्रकाशकाने दिला : १९०० मध्ये तिसऱ्या कथासंग्रहाचे हस्तलिखित परत आले. १९०४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनाहून घरी आल्यानंतर मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. पुढे बराच काळ लुइझियानाचा स्थानिक रंग, म्हणजे तिथली माणसे, बोली आणि चालीरीती टिपणारी लेखिका एवढीच त्यांची ओळख उरली. नॉर्वेजियन अभ्यासक पेर सेयर्स्टेड यांनी १९६९ मध्ये त्यांचे चरित्र आणि समग्र लेखन प्रसिद्ध केले, तेव्हा हे चित्र पालटले.

वाचनासाठी ‘बायू फोक’ (१८९४) या संग्रहातील ‘देझिरेज बेबी’पासून आरंभ करावा. गुलामगिरीच्या काळातील ही कथा आहे. तिचा शेवट आधी कोणाकडून ऐकू नये, म्हणून येथे काही सांगत नाही. ‘द स्टॉर्म’ त्यांनी १८९८ मध्ये लिहिली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, १९६९ मध्येच वाचकांपुढे आली. ‘अ नाइट इन अकेडी’ (१८९७) मधील ‘अथेनाइस’ ही दीर्घकथा मात्र मिसेस मॅलर्डच्या शेजारी ठेवून वाचावी, कारण तिच्यातील नायिका नवऱ्याला सोडून न्यू ऑर्लिन्सला निघून जाते आणि गरोदर असल्याचे कळताच आपण होऊन आनंदाने परत येते. त्या नायिकेचे नाव शोपँ यांच्या आजीचे होते.