लक्झेंबर्गमध्ये नोकरी मिळाली आहे, नवरा आणि ५ वर्षांची मुलगी सोबत येणार. तिथे स्थिरावताना काय सांभाळावं?

अभिनंदन! मी इथे फंड अकाउंटिंगमध्ये काम करते, तुमच्यासारखीच भारतीय पासपोर्टवर आले. म्हणून सुरुवातीलाच एक सांगते. लक्झेंबर्गबद्दल नेटवर जो सल्ला सापडतो आणि ऑफिसातले सहकारी जेवताना जो आपुलकीने देतात, त्यातला बराचसा युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठीचा असतो. ते खोटं सांगत नाहीत, पण त्यांचे नियम वेगळे आणि आपले वेगळे. प्रत्येक सल्ल्यावर आधी विचारा, 'हे भारतीय पासपोर्टला चालतं का?'

याचं सगळ्यात महाग पडू शकणारं उदाहरण म्हणजे घर. देश गोव्याहून लहान, जेमतेम २,५८६ चौरस किलोमीटर, आणि घरभाडी डोळे पांढरे करणारी. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणेल, 'जर्मनीतल्या ट्रायरला राहा, नाहीतर फ्रान्समधल्या थिओनव्हिलला. आम्ही तिथूनच येतो.' रोज दोन लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून इथे कामाला येतात, हे खरंच आहे. पण तुमचा लक्झेंबर्गचा निवास परवाना जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहायचा हक्क देत नाही. शेंगेनमुळे, म्हणजे युरोपातल्या मुक्त प्रवासाच्या करारामुळे, शनिवारी ट्रायरला जाऊन बाजार करता येईल, संसार थाटता येणार नाही. त्यासाठी त्या देशाचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि मग इथल्या कामाच्या परवान्याचा प्रकारही बदलतो. तेव्हा निदान पहिली काही वर्षं घर लक्झेंबर्गच्या हद्दीतच बघा.

हद्दीत म्हणजे शहरातच असं नाही. बस, ट्राम, रेल्वे हे सगळं १ मार्च २०२० पासून देशभर फुकट आहे (रेल्वेचा पहिला वर्ग सोडून). त्यामुळे एश-सुर-आल्झेट, डिफरडांज किंवा उत्तरेला मेर्श, एटेलब्रुक अशा ठिकाणी राहून ये-जा करणारे खूप आहेत. माझं मत विचाराल तर रेल्वे स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवरचं घर बघा, गाव कुठलंही असो. ऑफिस किर्शबर्गला, म्हणजे राजधानीतल्या ऑफिसांच्या भागात, असेल तर उत्तरेकडून येणारी गाडी फाफेन्थाल-किर्शबर्ग स्टेशनला थांबते. तिथून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाडीने, वर चढलात की समोर ट्राम.

भाड्याचा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून भाडेकरूच्या बाजूने थोडा सुधारला. अनामत आता जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच मागता येते, आणि एजंटची फी मालक व भाडेकरू यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. जुनी माहिती वाचून कोणी तीन महिन्यांची अनामत मागितली तर मान डोलवू नका. एजंट पगाराच्या तीन स्लिप मागतात. तुमच्याकडे त्या नसणार, म्हणून कंपनीकडून करारासोबत एक पत्र घेऊन ठेवा. ताबा घेताना घराच्या स्थितीची जी नोंद होते, तिला इथे 'एता दे लिय' म्हणतात. ती करताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, नळाचा प्रत्येक डाग लिहून घ्या, फोटो काढा. घर सोडताना अनामत परत मिळते की नाही हे त्या कागदावर ठरतं.

आता कागदपत्रांचा क्रम, कारण इथे क्रम चुकला की सगळंच अडतं. भारतात असतानाच इमिग्रेशनची तात्पुरती राहण्याची परवानगी येते, त्यावर डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा. इथे उतरल्यावर कामाचे तीन दिवस संपायच्या आत कम्यूनमध्ये, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या ठिकाणी, आगमनाची नोंद करायची. मग डॉक्टरांची तपासणी आणि क्षयरोगाची तपासणी, आणि आल्यापासून तीन महिन्यांच्या आत निवास परवान्याचा अर्ज, त्याची फी ८० युरो. मेख पहिल्याच पायरीवर आहे. नोंदीला खरा पत्ता लागतो, आणि हॉटेलचा किंवा सुट्टीसाठी घेतलेल्या फ्लॅटचा पत्ता बहुधा चालत नाही. कंपनी पहिल्या महिन्यासाठी सजवलेला फ्लॅट देणार असेल तर एचआरला लेखी विचारा, 'या पत्त्यावर आम्हा तिघांची कम्यूनमध्ये नोंद होईल ना?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी सोय करा.

नोंद झाली की १३ आकडी ओळख क्रमांक मिळतो, त्याला 'मात्रिक्यूल' म्हणतात. पगार, कर, दवाखाना, पाळणाघर, सगळीकडे तोच. आणि टपालपेटीवर तिघांचीही पूर्ण नावं लावा. सरकारी पत्रं अजूनही टपालानेच येतात, आणि पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेतो.

महाराष्ट्रातून निघण्याआधीचं एक काम फार महत्त्वाचं. जन्माचे आणि लग्नाचे दाखले आधी राज्याच्या पातळीवर पडताळून, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का, लावून आणा. ग्रामपंचायतीचे जुने दाखले नुसते मराठीत असतात. इथे इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनच चालतं, म्हणजे प्रमाणित भाषांतर आलं. नावंही एकदा ओळीने मांडून बघा. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलीच्या दाखल्यावर आईचं नुसतंच पहिलं नाव, हे आपल्याकडे कोणाला खटकत नाही. इथल्या कारकुनाला मात्र त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. आणि ते दुरुस्त करायला इथून ब्रसेल्सच्या भारतीय दूतावासापर्यंत जावं लागतं, कारण लक्झेंबर्गचं काम तोच दूतावास बघतो.

मुलीचं वय अगदी योग्य आहे. सरकारी शाळेत ४ ते ६ वयाच्या मुलांशी लक्झेंबर्गिशमध्ये बोलतात, सहाव्या वर्षापासून लिहायला-वाचायला जर्मनमधून शिकवतात, आणि फ्रेंच पुढे येतेच. २०२६-२७ पासून सुरुवात फ्रेंचमधून करायचा पर्यायही आहे. इथेच बरीच वर्षं राहायचा विचार असेल तर मी डोळे झाकून साध्या सरकारी शाळेत घालीन. पाच वर्षांच्या मुलांना भाषा चिकटतातच. चार-पाच वर्षांत परत जायचं असेल तर इंग्रजी विभाग असलेल्या सरकारी आंतरराष्ट्रीय शाळा आहेत (डिफरडांज-एशची शाळा २०१६ पासून चालू आहे). त्यांनाही फी नाही, पण जागा मर्यादित, अर्ज लवकर करावा लागतो. खासगी शाळांच्या फीचे आकडे बघून घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र नवीन आलेल्यांच्या लक्षात येत नाही. प्राथमिक शाळा मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी बंद असते. दोघं नोकरी करणार असाल तर कम्यूनच्या 'मेझों रले' या पाळणाघरात जागा लागेलच. शाळेच्या आठवड्यांत प्राथमिकच्या मुलांसाठी ते सप्टेंबर २०२२ पासून फुकट आहे, सुट्टीत पैसे पडतात. घर ठरवण्याआधी त्या कम्यूनला जागा आहे का हे विचारा. मी तर म्हणेन, स्वयंपाकघर नंतर बघा, आधी हे.

नवऱ्याच्या बाबतीत बातमी चांगली आहे. कायदा बदलल्यामुळे सप्टेंबर २०२३ पासून कुटुंबीयांच्या परवान्यावर आलेल्यांना वेगळा कामाचा परवाना लागत नाही. अडचण येते ती भाषेची. बँका आणि फंडांमध्ये इंग्रजीवर निभतं, पण दुकान, दवाखाना, घरमालकाची पत्रं, सगळं फ्रेंच. त्यांनी येण्याआधीच पुण्यात-मुंबईत फ्रेंचचा वर्ग लावला तर इथले सहा महिने वाचतील. लक्झेंबर्गिश नंतर शिका. त्यासाठी नोकरदारांना २०० तासांपर्यंत भरपगारी भाषा-रजा मिळते, आणि नागरिकत्वासाठी तोंडी परीक्षा त्याच भाषेची असते. पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. लक्झेंबर्गला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही, म्हणून आपल्यातले काही जण युरोपियन युनियनच्या दीर्घकालीन निवास परवान्यावर थांबतात. त्यालाही पाच वर्षंच लागतात.

आरोग्य विमा पगारातून आपोआप कापला जातो, नवरा कमवत नसेल तर तो आणि मुलगी तुमच्या विम्यात जादा पैसे न भरता येतात. डॉक्टरांचं बिल बहुधा आधी तुम्ही भरायचं, मग सीएनएस ही विमा संस्था मोठ्यांच्या साध्या तपासणीचे ८८ टक्के परत करते. बँकेचा तपशील त्यांच्याकडे पहिल्याच बिलासोबत नोंदवा.

भारतीय वाहन परवाना वर्षभर चालतो. बदलून घ्यायची प्रक्रिया त्या वर्षातच उरकायची, फुकट ट्राम आहे म्हणून विसरू नका. कुकर आणणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचाच आणा, गॅसची शेगडी क्वचित दिसते. पोहे, डाळी, मसाले राजधानीत स्टेशनच्या भागात मिळतात. गोडा मसाला घरून आणा.

राहिलं निवृत्तिवेतन. भारत आणि लक्झेंबर्गमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार जून २०११ पासून लागू आहे. इथल्या पेन्शनसाठी किमान १० वर्षं भरणा लागतो, आणि करारामुळे भारतातल्या वर्षांचाही त्यात विचार होऊ शकतो. म्हणून निघताना सगळा पीएफ काढून घ्यायची घाई करू नका. भारतीय कंपनीच तुम्हाला ठरावीक काळासाठी पाठवत असेल तर ईपीएफओचं कव्हरेज प्रमाणपत्र आधी काढा, म्हणजे दोन्हीकडे कपात होत नाही. तुमची नोकरी यातली कुठली आहे ते प्रश्नात कळत नाही. प्रतिक्रियेत लिहा, आणि नवऱ्याचं क्षेत्रही, मग त्याबद्दल जास्त सांगता येईल.