आजीच्या साडीची गोधडी

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या नणंदेला दिवाळीच्या सुमारास पहिलं बाळ होणारे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांच्या सुती साड्या ट्रंकेत तशाच आहेत, त्यातल्याच एकीची बाळासाठी गोधडी शिवावी असं फार मनात आहे. पण मी हुक-बटणापलीकडे कधी काही शिवलेलं नाही. आत फायबर घालू का? वरून टिकल्या, आरसे लावू का? आणि घरात म्हणतात जन्माआधी बाळाचं काही शिवू नये, मग कसं करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. त्या बाळाला आजी मिळणार नाही पण आजीची साडी अंगाखाली मिळेल, यापेक्षा चांगला आहेर कुठला असणार! शिवणाची काळजी सोडा, गोधडीला फक्त धावदोरा लागतो आणि तो तासाभरात हाताला बसतो.

सगळ्यात आधी ट्रंकेचं बोलू. त्यात डांबरगोळ्या होत्या का? असतील तर हे मनावर घ्याच, कारण काही बाळांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या नुसत्या वासानेसुद्धा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ खूप वाढते. बाळाला हा त्रास आहे की नाही हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून साडी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, बरेच दिवस उन्हावाऱ्यात ठेवा, आणि तरीही वास येत असेल तर ती साडी बाळासाठी नकोच, दुसरी घ्या. शिवून झाल्यावरही डांबरगोळ्यांजवळ ठेवू नका.

आता माप. साधारण 36 इंच बाय 36 इंच पुरतं. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे एकीतूनच चार थर निघतात आणि पदर वर शिल्लक राहतो. चार थर बास. आमच्याकडे मोठ्यांच्या वाकळी सात-आठ थरांच्या असतात, पण बाळाची गोधडी रोज धुवावी लागते आणि जाड असली की मधला थर लवकर वाळत नाही, आतून कुबट वास येतो. फायबर घालू नका, पॉलिस्टरमध्ये बाळाला घाम येतो, आणि शंभरदा धुतलेल्या सुती साडीचा मऊपणा त्याला कुठून येणार? जरीचा काठ असेल तर कापून टाका, तो बोचतो. टिकल्या, आरसे, मणी, बटणं काहीच नको, दोरा सुटला की ते थेट तोंडात जातं. शोभा हवीच असेल तर शिल्लक पदराची ठिगळं लावा, किंवा कोपऱ्यांना छोटे त्रिकोण. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या समाजातल्या, बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांना अशीच कापडाची फुलं लावतात, त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत, मला ते फार आवडतं.

चटईवर चारही थर ताणून पसरा, मधून बाहेर लांब कच्चे टाके घालून घ्या, हा कंटाळवाणा भाग टाळला तर पुढे हमखास चुण्या पडतात. मग कडा आत दुमडून कडेपासून सुरुवात करा आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत या, दोन ओळींत अर्धा इंच. टाका तांदळाच्या दाण्याएवढा ठेवा. हे दिसण्यासाठी नाही सांगत, लांब टाक्यात बाळाच्या पायाचं बोट अडकतं, दोरा आवळला जातो आणि बाळ का रडतंय तेच कुणाला कळत नाही. गाठी थरांच्या आत लपवा. टाचण्या मोजून लावा, मोजून काढा, शेवटी सगळ्या गोधडीवरून लोहचुंबक फिरवा.

आणि घरच्यांचं मन मोडू नका हो. सगळी शिवून ठेवा, फक्त एक कड उघडी ठेवा, बाळ झाल्याचा फोन आला की ती बंद करा, एक धुणं द्या आणि बारशाला घेऊन जा. म्हणजे त्यांचंही राहिलं, तुमचंही.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या भाचीच्या चार महिन्यांच्या बाळाला मी दोन महिने खपून गोधडी पाठवली, पण झोपवताना ती बाळाला घालतच नाही, डॉक्टर नको म्हणाले म्हणते. खूप वाईट वाटलं.
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : वाईट वाटणारच मावशी, पण भाची बरोबर करतेय. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पहिल्या वर्षी बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवायचं आणि आजूबाजूला सैल पांघरूण, उशी काही ठेवायचं नाही, कारण ते नाकातोंडावर आलं तर एवढ्याशा जिवाला बाजूला करता येत नाही. हे आपल्याकडच्या बाळांनाही तेवढंच लागू आहे. तुमची गोधडी जाग्या बाळाची आहे. तिला सांगा, दिवसा जमिनीवर अंथर आणि समोर बसून बाळाला त्यावर पालथं घाल. चौथ्या महिन्यात बाळं मान छान उचलतात, तेव्हा व्हिडिओ कॉल करायला सांगा, बाळ आणि गोधडी दोन्ही दिसतील.