31 डिसेंबरला घरची बिअर हवी, आज 9 तारीख: हिशोब कसा बसवायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घर नाशिकच्या गंगापूर रोडला, 31 ला गच्चीवर मित्रमंडळी, लंडनच्या बहिणीने सुट्टीवर येताना माल्ट एक्स्ट्रॅक्टचा (मोड आणलेल्या बार्लीच्या घट्ट अर्काचा) डबा आणि यीस्टची पुडी आणलीय. हातात बावीस दिवस. होईल का?

दिवस पुरतील. अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यात बिअरही आली, आणि ‘घरच्यापुरती’ अशी सूट त्यात नाही. नाशिकला वाईनची राजधानी म्हणतात म्हणून इथे घरात काहीही आंबवायला मोकळीक असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, वायनरी काढायलाही परवाना लागतोच. ब्रिटनमध्ये मात्र 1963 पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. मी तिकडे नोकरीला असताना करायचो. तेव्हा डबा बहिणीबरोबर परत पाठवा आणि खालचा हिशोब तिला द्या, ईस्टरला करू दे. तुमच्या गच्चीसाठी दुसरं काही सुचवतो.

हिशोब नेहमी पिण्याच्या दिवसापासून मागे मोजायचा. लोक उलट करतात: बिअर टाकतात आणि मग उरलेल्या दिवसांत काय बसतंय ते बघतात. शेवटचे दोन दिवस फ्रिजचे, कारण गार बिअरमध्येच गॅस नीट मुरतो आणि गाळ तळाशी बसतो. त्याआधी बाटलीत गॅस तयार व्हायला वीस अंशांच्या आसपास दोन आठवडे; घाई असेल तर बारा दिवस, त्याखाली जाऊ नये. राहिले साधारण आठ दिवस, त्यात मुख्य आंबवण उरकायचं. म्हणजे पहिल्या दिवशी माल्ट उकळून यीस्ट टाकलं, आठव्या दिवशी बाटल्या भरल्या, विसाव्या दिवशी फ्रिज.

आठ दिवसांत उरकायचं तर बिअर तशीच निवडायला हवी. लागर बाद, तिला गारव्यात कित्येक आठवडे मुरावं लागतं. कडक, काळी, आठ-नऊ टक्क्यांची स्टाउटही नको. हलकी इंग्लिश बिटर, माइल्ड किंवा गव्हाची बिअर घ्यावी, सुरुवातीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.040 च्या आसपास. गव्हाची तर गढूळच प्यायची असते, म्हणजे निवळायची वाट बघायला नको. यीस्टमध्ये कंजुषी नको: वीस लिटरला 11 ग्रॅमची अख्खी पुडी, पाकिटावरची तारीख बघून. घाईच्या माणसांसाठी नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट मिळतं, ते पस्तीस अंशांतही खुशाल चालतं आणि तीन-चार दिवसांत काम संपवतं.

एका ठिकाणी मात्र कॅलेंडर बघायचं नाही, हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, बघायचा. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेलं माप तेच आलं, समजा 1.010, तरच बाटल्या भरायच्या. माप उतरतंय तोवर आत साखर शिल्लक आहे. तशीच बाटली बंद केली तर काच फुटते, आणि ही अतिशयोक्ती नाही. भरताना गॅस होण्यापुरती लिटरमागे सहा ग्रॅम साखर. बुडबुडे थांबले म्हणजे झालं, यावर विसंबू नका. थंडी पडली तरी ते थांबतात.

आणि थंडी आपल्याकडे पडतेच. डिसेंबरात निफाडचे आकडे पेपरात यायला लागले की नाशिकच्या ओट्यावर इडलीचं पीठसुद्धा फुगत नाही. तुम्ही गच्चीवर जे करणार आहात त्यालाही हाच नियम.

ते म्हणजे आल्याची बिअर, जिंजर बिअर. बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात रोज एक चमचा किसलेलं आलं आणि एक चमचा साखर. आलं धुवा पण सोलू नका, यीस्ट सालावरच असतं. पुण्या-मुंबईत पाच दिवसांत फसफसतं, इथे या दिवसांत आठवडा धरा. बरणी थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली तर लवकर होतं. 17 ला सुरू केलंत तर 25 पर्यंत ढवळल्यावर सरसर आवाज यायला हवा. नाही आला तर आणखी दोन दिवस खायला घाला, तेवढी सवड यात ठेवली आहे.

मग दोन लिटर पाण्यात शंभर ग्रॅम ठेचलेलं आलं आणि दीडशे ग्रॅम साखर उकळा. पूर्ण गार होऊ द्या, दोन लिंबं पिळा, बरणीतलं अर्धा कप पाणी गाळून घाला. कोमट असताना घातलंत तरी चालेल, पण हाताला चटका बसत असेल तर यीस्ट मरतं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांत भरा, वर चार बोटं जागा ठेवा. काचेच्या नकोत. रोज बाटली दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस लागतील. फ्रिजबाहेर राहिली तर अल्कोहोल आणि दाब दोन्ही वाढत जातात. वेळेत गार केली तर अल्कोहोल अगदी नाममात्र असतं, पण शून्य नसतं, म्हणून मुलांना किंवा न पिणाऱ्यांना देताना सांगा.

पंधरा माणसांना दोन लिटर पुरणार नाही, त्या प्रमाणात वाढवा. खरी बिअर ज्यांना हवी त्यांनी दुकानातून आणावी, पण 30 लाच. 31 च्या संध्याकाळी कॉलेज रोडवरून गाडी काढणं हा वेगळाच प्रश्न आहे.