कावळा शिवला नाही, म्हणून जीव अडकतो का?

प्रश्न : वडिलांच्या दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडून आम्ही बराच वेळ ताटकळलो. "आईला अंतर देणार नाही" असे भावाने हात जोडून सांगितले, तरी कावळा शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. बाबांचा जीव कशात तरी अडकला आहे, असे आईच्या मनाने घेतले आहे. शिवाय आत्मा जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा दुसरा देह घेतो, असे गीता सांगते. मग श्राद्ध नेमके कोणासाठी करायचे?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कावळा शिवण्यावरून मृताची तृप्ती ठरवणे ही रूढी आहे, गीतेत किंवा प्रमुख उपनिषदांत तिचा मागमूसही नाही. दर्भाच्या कावळ्याची सोय रूढीनेच करून ठेवली आहे, त्यावरून कावळा न येणे हे पूर्वीही नित्याचेच असावे. (घाटावर सकाळपासून चार घरचे पिंड मांडलेले असतील, तर पाचव्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही.)

आपला दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, कारण आपल्या परंपरेत याविषयी एकच एक मत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य सांगतात, की गवताच्या पात्याच्या टोकाशी पोचलेली अळी जशी दुसऱ्या पात्याचा आधार घेऊन मगच स्वतःला तिकडे ओढून घेते, तसा आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो. छांदोग्य मात्र पितृयानाची लांबची वाट सांगते : धूर, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायनाचे महिने, पितृलोक आणि चंद्र असा प्रवास करून, पुण्य सरल्यावर जीव पावसावाटे धान्यात उतरतो आणि पुन्हा जन्म घेतो. गरुडपुराणात दहा दिवसांच्या पिंडांनी मस्तकापासून क्रमाने प्रेताचा सूक्ष्म देह घडतो आणि पुढे वर्षभर यमपुरीची वाटचाल असते. चार्वाकांना यातले काहीच मान्य नव्हते. कठोपनिषदात तर मेल्यावर माणूस उरतो की नाही असे नचिकेताने विचारताच, देवांनाही येथे संशय पडला होता, दुसरा वर माग, असे प्रत्यक्ष यमच त्याला विनवतो. यमच जिथे आढेवेढे घेतो, तिथे छातीठोक उत्तर देणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे, असे आमचे मत आहे.

पुनर्जन्म आणि श्राद्ध यांची सांगड पुराणांनी अशी घातली आहे, की नाव-गोत्र उच्चारून दिलेले अन्न पितराला, तो असेल त्या योनीत, तिथल्या आहाराच्या रूपाने पोचते. देव झाला असेल तर अमृत होऊन, पशू झाला असेल तर गवत होऊन. श्रद्धा असेल त्याला हे उत्तर पुरते. नसेल त्याने श्राद्धाकडे कृतज्ञता म्हणून पाहावे.

राहिली आईंची शंका. बाराव्या दिवशीचे सपिंडीकरण आपल्याकडे झाले असेल, तर त्यात मृताच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या वडील, आजोबा आणि पणजोबांच्या पिंडांत मिसळले जातात. पूर्वी वर्षाअखेरीस होणारा हा विधी आता बहुधा बाराव्यालाच उरकतात. त्यानंतर शास्त्र मृताला प्रेत म्हणत नाही, पितर म्हणते. तेव्हा आईंना शास्त्राच्याच आधाराने सांगता येईल, की बाबा कुठेही अडकलेले नाहीत.