ज्वेलरीच्या स्पेलिंगमध्ये एक एल की दोन?

तुमचा प्रश्न असा: हुपरीची चांदीची पैंजणं आणि सोन्याचे कोल्हापुरी साज ऑनलाइन विकता, गिऱ्हाईक भारतात, लंडनला आणि न्यू जर्सीत आहे. वेबसाइटवर ज्वेलरीचं स्पेलिंग ब्रिटिश ठेवावं की अमेरिकन, आणि चुकलं तर गुगलवर मागे पडाल का?

स्पेलिंगमुळे मागे पडणार नाही. दोन एलवालं ब्रिटिश रूप आणि एक एलवालं अमेरिकन रूप एकाच शब्दाची आहेत, हे गुगलला चांगलं कळतं. कलरमधला यू, ग्रेमधला ए की ई, हेही तसंच. निकाल तंतोतंत तेच येतात असं नाही, पण शोधणारा कुठल्या देशात बसलाय याचा परिणाम त्यावर जास्त होतो. म्हणून एका पानावर दोन्ही स्पेलिंगं कोंबू नका. पानाच्या कोडमध्ये असणाऱ्या, वाचकाला न दिसणाऱ्या कीवर्डच्या मेटा टॅगमध्येही घालत बसू नका. क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही हे गुगलने 2009 मध्येच सांगितलंय. वाचणाऱ्याला मात्र एका ओळीत दोन एल आणि पुढच्या ओळीत एक दिसला की खटकतं, आणि सोनं घेणारा माणूस तेवढ्यानेही बिचकतो. एक पद्धत धरा आणि ती शेवटपर्यंत पाळा.

खरी काळजी घ्यायची ती शब्दांची. तुमच्याच धंद्यातलं बघा. अमेरिकेत सोन्याची शुद्धता सांगणारं कॅरेट के अक्षराने लिहितात आणि हिऱ्याचं वजन सांगणारं सी अक्षराने. ब्रिटनमध्ये दोन्हीला सीच. आपल्याकडे बीआयएसच्या हॉलमार्कमध्ये 22के916 असतं, पण वर्णन लिहिताना लोक सर्रास सी वापरतात. न्यू जर्सीतल्या वाचकाला सीवालं 22 कॅरेट हे खड्याचं वजन वाटू शकतं, म्हणजे 4.4 ग्रॅमचा खडा! असला घोळ गुगल निस्तरून देत नाही, तो आपणच टाळायचा. अंगठीच्या मापाचंही तेच: ब्रिटनमध्ये अक्षरं, अमेरिकेत आकडे, आणि आपले आकडे तिसरेच. तारखाही अंकांत लिहू नका. दिवाळीसाठी 05/11 पर्यंत पोचेल असं लिहिलंत, तर अमेरिकन माणूस ते 11 मे वाचतो. महिन्याचं नाव अक्षरांत टाका.

काही वर्षांपूर्वी एका सराफांच्या साइटचं काम माझ्याकडे होतं. अमेरिकेत विक्री सुरू करायची म्हणून मी एका संध्याकाळी सगळ्या मजकुरावर फाइंड-रिप्लेस चालवलं, दोन एलचा एक केला. दुसऱ्या दिवशी कळलं की दुकानाच्या नोंदणीकृत नावातला एलही गेलाय. संपर्काच्या पानावर एक नाव, जीएसटीच्या बिलावर दुसरं. एका बाईंनी फोन करून विचारलं, "पैसे भरलेत मी, पण हे तुमचंच दुकान ना?" त्यांच्या आवाजातली धाकधूक मला अजून आठवते. शिवाय कॅटेगरीच्या लिंकांमधलंही स्पेलिंग बदललं होतं आणि जुन्या लिंका 404, म्हणजे पान सापडत नाही, असं दाखवत होत्या. एकेक लिंक शोधून 301 रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, लावण्यात तीन दिवस गेले. तेव्हा चालू असलेल्या लिंका, दुकानाचं नाव आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय यांना हात लावू नका.

वेगळ्या देशासाठी वेगळं पान केव्हा करायचं? किंमत, पाठवणीचा खर्च, परतीचे नियम, मापं वेगळी असतील तेव्हा. नुसत्या स्पेलिंगसाठी नको, सांभाळायचं काम दुप्पट होतं. केलंत तर कुठलं पान कुठल्या भाषेसाठी आणि देशासाठी हे गुगलला सांगणारा एचरेफलँग टॅग लावा. त्यात ब्रिटनचा कोड ईएन-जीबी असतो. ईएन-यूके चालत नाही, तरी कित्येक साइटवर तोच दिसतो. प्रत्येक पानाने बाकीच्या पानांकडे आणि स्वतःकडेही बोट दाखवायला हवं, एकतर्फी टॅग गुगल धरत नाही. आणि प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल, म्हणजे मुख्य पान कुठलं ते सांगणारा टॅग, त्या पानाचाच ठेवा. सगळे भारताच्या पानाकडे वळवलेत तर बाकीची पानं शोधात यायचीच नाहीत.

तुमच्या जागी मी असते तर मूळ साइट ब्रिटिश स्पेलिंगमध्येच ठेवली असती. शाळेपासून आपण तेच लिहितो, लंडनलाही तेच चालतं. लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा इंग्लिश-इंडिया निवडून ठेवा, म्हणजे बरोबर शब्दांखाली लाल रेघा येणार नाहीत. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, देश अमेरिका निवडून तिथले लोक काय टाइप करून येतात ते तीन महिने बघा. गुगल ट्रेंड्समध्ये दोन्ही स्पेलिंगं वेगवेगळी मोजली जातात, तिथेही तुलना करता येईल.

हे बघताना एल मोजत बसू नका, कुठली नावं येतात ते पाहा. माझ्याकडच्या साइटवर परदेशातून अँकलेटपेक्षा पायल शोधून येणारे जास्त होते, आपलीच माणसं ती. ठुशीला तर रोमन लिपीत टीनंतर कुणी एच लावतं, कुणी नाही. इथे मात्र गुगलवर विसंबू नका. आपल्या गावच्या दागिन्यांची अशी रूपं त्याला दर वेळी जुळवता येतातच असं नाही. मुख्य रूप शीर्षकात ठेवा आणि दुसरं वर्णनात एकदा, सहज वाक्यात येऊ द्या.