टाकाऊ बाटलीचा हमिंगबर्ड फीडर सारखा गळतोय, काय चुकतंय?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत घरामागच्या अंगणात सोड्याची रिकामी बाटली उलटी टांगून, बुचाला भोक पाडून हमिंगबर्डसाठी (फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी) फीडर, म्हणजे साखरपाणी पाजायचं भांडं केलं, तर साखरपाणी टपकतं, मुंग्यांची रांग लागते आणि पक्षी काही येत नाही. शिवाय साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल का.

आधी गळतीचं. उलट्या बाटलीतलं पाणी बाहेरच्या हवेच्या दाबामुळे तोलून राहतं. बाटली ऊन खाते, आत वर अडकलेली हवा प्रसरण पावते आणि पाणी खाली ढकलते. म्हणून पूर्ण भरलेली बाटली कमी टपकते, अर्धी रिकामी जास्त. त्यात सोड्याची बाटली पातळ. वाऱ्याने हलली, कुणी हात लावला, की पिचकारीच. काचेची बाटली आणि घट्ट रबरी बुचात बसवलेली वाकडी नळी घेतली तर काम भागतं, पण बाटलीच्या गळ्यात आणि नळीत बुरशी धरते आणि तिथे ब्रश पोचत नाही. माझं मत विचाराल तर ज्यात बोटं घालून घासता येत नाही, ते भांडं या कामाला घेऊच नये.

त्यापेक्षा बसका डबा घ्या. हॉटेलातून पार्सलमध्ये सांबार किंवा चटणी येते तो ८ औंसांचा गोल, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. उंची साधारण पाच सेंटिमीटर, तोंड रुंद. भोकं झाकणात आणि पाणी खाली, त्यामुळे गळायचा प्रश्नच मिटतो. दह्याचा उंच डबा नको: या पक्ष्याची चोच जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, पाणी जरा उतरलं की त्याला ते मिळणार नाही आणि तळाचं तसंच आंबत राहील. साबणाच्या, फिनाइलच्या बाटल्या साखरपाण्यासाठी कितीही धुतल्या तरी वापरू नका. जॅमच्या बरणीचं पत्र्याचं झाकणही नको, भोक पाडलं की तिथून गंजतं.

झाकणाच्या कडेपासून एक-दीड सेंटिमीटर आत, समान अंतरावर चार भोकं. जाड सुई किंवा खिळा पकडीत धरून गॅसवर तापवा आणि वरून दाबा (खिडकी उघडी ठेवून, धूर वाईट असतो). भोक तीन मिलिमीटरचं, त्याहून मोठं नको, नाहीतर मधमाश्या आत शिरून बुडतात. खालच्या बाजूला वितळलेल्या प्लॅस्टिकची कड उभी राहते, ती ब्लेडने कापून पॉलिश पेपरने घासा. जीभ तिथूनच आत-बाहेर होते, तेव्हा ही पायरी टाळू नका.

टांगण्यासाठी डब्याला भोकं पाडायची नाहीत. जुन्या वायरची तार, वरचं प्लॅस्टिक न काढता, डब्याच्या काठाखाली घट्ट कडं करून बसवा, त्याला तीन तारा बांधून वर एकत्र पिळा. त्याच तारेचं एक मोठं कडं डब्याभोवती तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवलं की पक्ष्याला टेकायला जागा होते. तो हवेत तरंगूनही पितो, पण बसायला मिळालं तर बसतो. झाकणाच्या खळग्यात पावसाचं पाणी साचून भोकांतून आत जातं, म्हणून वर एखाद्या मोठ्या डब्याचं झाकण छत्रीसारखं तारेत ओवा. ते लाल असलं तर दुहेरी काम. रंग लक्ष वेधण्यापुरता लागतो. लाल रिबीन तारेला बांधली तरी पुरे. पिवळं काही लावू नका, गांधीलमाश्या येतात.

मुंग्यांवर उपाय म्हणजे पाण्याचा खंदक. कपडे धुण्याच्या साबणाच्या बाटलीचं खोलगट टोपण घ्या (यात साखरपाणी नसतं, म्हणून चालतं), मधून तार ओवून भोक सिलिकॉनने बंद करा, आणि ते फीडरच्या वर, तोंड वर करून टांगा. त्यात साधं पाणी. मुंगी वरूनच उतरते, तिथे अडते. तारेला तेल किंवा व्हॅसलीन फासण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. पिसांना लागलं तर पक्ष्याला साफ करता येत नाही.

आता साखरपाणी. पाव कप पांढरी साखर, एक कप पाणी. बस्स. गरम पाण्यात विरघळवा, पूर्ण गार करून भरा, झाकणाच्या एक सेंटिमीटर खाली थांबा. पाकासारखं आटवत बसू नका, प्रमाण बिघडतं. गूळ, ब्राऊन शुगर, तांबूस दिसणारी ऑरगॅनिक साखर यांत लोह असतं आणि ते या पक्ष्यांना बाधतं. मधात बुरशी लवकर धरते. तिकडच्या पिठीसाखरेत मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. लाल रंग घालायची तर काहीच गरज नाही. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

खरी मेहनत पुढे आहे. पारा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एक-दोन दिवसांनी, एरवी तीन-चार दिवसांनी पाणी फेकून डबा गरम पाण्याने घासा. भोकांसाठी दातांच्या फटींचा बारीक ब्रश छान. खंदकातलंही पाणी त्याच वेळी बदला, नाहीतर डास. पाणी गढूळ दिसलं तर दिवस मोजत बसू नका. काळे ठिपके दिसले तर व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात तासभर भिजवून घासा, आणि तरी गेले नाहीत तर डबा फेका. फुकटचा आहे, त्याचा हाच तर फायदा.

पक्षी न येण्याचं कारण बहुधा वेळ किंवा जागा. तुमच्याकडे येणारा रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड एप्रिलच्या मध्यानंतर पोचतो, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच टांगा. झुडपाजवळ, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, पाच फूट उंची. खिडकीपासून तीन फुटांच्या आत किंवा मग खूप लांब, मधल्या अंतरावर काचेला जोरात धडकतात. हिरवा नाकतोडा समजून दुर्लक्ष कराल तो प्रार्थनाकीटक फीडरवर दिसला तर उचलून दूर सोडा, मोठा असेल तर तो हा तीन ग्रॅमचा पक्षी खरोखर पकडतो. एक नर दुसऱ्याला टिकू देत नाही. दुसरा फीडर लावायचा तर घराच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा. फीडर राहिला म्हणून ते थंडीत अडकून पडतात ही समजूत चुकीची आहे, दिवस लहान झाले की जातातच. ऑक्टोबर अखेरपर्यंत खुशाल ठेवा, मागे राहिलेल्यांना उपयोग होतो.

आणि हो, हे वाचून पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत कुणी टांगणार असेल तर: हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडे जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर. त्याच्यासाठी डब्यापेक्षा जास्वंदीची कुंडीच लावा.