‘ऑब्सेशन’, ‘कम्पल्शन’ आणि ओसीडीच्या उपचार-संशोधनाची मराठी

विचारणा अशी आहे: ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नकोसे विचार आणि वारंवार केल्या जाणाऱ्या कृती यांचा मानसिक आजार) यावरच्या एका उपचार-चाचणीसाठी रुग्णांना द्यायचे माहितीपत्रक आणि येल-ब्राउन मापनीचे, म्हणजे या आजाराची तीव्रता गुणांत मोजणाऱ्या प्रश्नावलीचे, प्रश्न मराठीत करायचे आहेत. ‘ऑब्सेशन’ला ध्यास म्हणावे, मंत्रचळ की अनिवार्य विचार? ‘कम्पल्शन’ला सक्ती चालेल का? आणि ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ (भीतीच्या गोष्टीला सामोरे जायचे, पण नेहमीची कृती करायची नाही) या उपचाराचे नाव काय ठेवावे?

माझे उत्तर आधीच सांगतो. पाठ्यपुस्तकासाठी नामे लागतात, ती ठरवता येतील. पण रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर नामांचा शोध थांबवून क्रियापदांकडे वळावे. या आजारातला सर्वांत महत्त्वाचा भेद मराठीच्या क्रियापदांत आयताच आहे: ‘मला विचार येतो’ आणि ‘मी विचार करतो’. जे येते ते ऑब्सेशन, जे केले जाते ते कम्पल्शन.

मुळात हे जोडनाव भाषांतराच्या घोळातूनच आले, असे सांगतात. कार्ल वेस्टफाल यांनी 1877 मध्ये जर्मनमध्ये ‘झ्वांग्सफोरश्टेलुंग’ हा शब्द वापरला. झ्वांग म्हणजे जबरदस्ती आणि फोरश्टेलुंग म्हणजे मनात उभी राहिलेली कल्पना. त्याचे ब्रिटनमध्ये ऑब्सेशन झाले, अमेरिकेत कम्पल्शन, आणि पुढे दोन्ही शब्द एकत्र नांदू लागले. आज त्यांची वाटणी पक्की आहे. ऑब्सेशन म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा मनात शिरणारा, त्रास देणारा विचार, चित्र किंवा उबळ. कम्पल्शन म्हणजे त्या त्रासातून सुटण्यासाठी, किंवा स्वतःच घालून घेतलेल्या काटेकोर नियमापोटी, वारंवार केलेली कृती.

आता सुचवलेले शब्द एकेक पाहू. ‘ध्यास’ इथे पूर्ण चुकीचा. ध्यास माणूस घेतो, त्याचे कौतुक होते. ओसीडीतला विचार कोणी घेत नाही. छंद, नाद, वेड हे शब्दही बाद, कारण त्यांत गोडी आहे. ‘मंत्रचळ’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे आणि आजाराचे लोकांतले नाव म्हणून लेखात, व्याख्यानात तो चालावा. पण ‘हात धुण्याचा मंत्रचळ’ म्हणताना आपण कृतीकडे बोट दाखवतो, म्हणून फक्त ऑब्सेशनसाठी तो बसत नाही. शिवाय त्यातला ‘चळ’ भान सुटल्याचे सुचवतो. ओसीडीच्या बहुतेक रुग्णांना आपली भीती अवाजवी आहे हे कमीअधिक कळत असते. ही जाण किती शाबूत आहे याची नोंद निदान करताना वेगळी करतात. आजाराच्या नावातच ‘चळ’ आला तर रुग्ण पहिल्याच ओळीला बिचकेल, आणि ‘मला तसे काही नाही’ म्हणून कागद परत करील.

‘अनिवार्य विचार’ पाठ्यपुस्तकात ठीक. बोलीत मात्र अनिवार्य म्हणजे नियमाने आवश्यक, जसा परीक्षेतला अनिवार्य प्रश्न. माहितीपत्रकात मी लिहीन: ‘नको असताना पुन्हा पुन्हा मनात येणारे, त्रास देणारे विचार’. लांब आहे, पण एकदा हे पूर्ण सांगून पुढे ‘नकोसे विचार’ एवढेच लिहिता येते.

इथे दोन अटी पाळाव्यात. एक, ‘विचार’ म्हटले की माणूस शब्दांतले वाक्य शोधतो. म्हणून ‘डोळ्यांसमोर येणारी चित्रे’ हे स्वतंत्रपणे लिहावे. दुसरी अट जास्त गंभीर. मूळ इंग्रजीतल्या ‘इम्पल्स’साठी ‘इच्छा’ हा शब्द कधीही वापरू नये. तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होईल या भीतीने सुरीला हात न लावणाऱ्या आईला ‘बाळाला इजा करण्याची इच्छा होते का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरेच असेल. तिला इच्छा नसते, धास्ती असते. उत्तर ‘हो’ आले तर वाचणारा तिसराच अर्थ काढील. ‘ऊर्मी’ पुस्तकी आहे आणि सृजनाची ऊर्मी म्हणून ओळखीची. ‘उबळ’ मात्र नेमका आहे. खोकल्याची असो वा हसण्याची, उबळ येते, कोणी ती आणत नाही. ‘नको असताना काही वाईट करून बसण्याची उबळ येते किंवा धास्ती वाटते का?’ असा प्रश्न करावा. असे नकोसे विचार मनात येणे हा स्वतःच आजार नव्हे, हेही पत्रकात लिहावे. तेरा देशांतल्या विद्यार्थ्यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 94 टक्क्यांनी आधीच्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार आल्याचे सांगितले होते. फरक पडतो तो त्या विचाराला दिलेल्या अर्थामुळे आणि त्यानंतर केलेल्या कृतीमुळे.

‘सक्ती’बद्दल. मराठीत सक्ती दुसरा कोणी करतो: कायदा, शाळा, घरचे. ‘तुम्हाला काही करण्याची सक्ती वाटते का?’ या प्रश्नावर रुग्ण ‘मला कोणी सक्ती करत नाही’ असे प्रांजळपणे सांगतो आणि त्याचे मापनीवरचे गुण कमी पडतात. उलट कोणी ‘हो’ म्हणाला, तर बाहेरून आज्ञा देणारे आवाज ऐकू येतात की काय, अशी शंका तपासणाऱ्याला येते, आणि तो तर वेगळाच आजार. बोलीत याला तयार वाक्य आहे: ‘केल्याशिवाय राहवत नाही’. त्यात एक उणीव आहे. पत्ते खेळल्याशिवायही राहवत नाही, पण तिथे मजा असते. ‘केल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही’ असे म्हटले की बेचैनी आणि तिच्यातून तात्पुरती सुटका या दोन्ही गोष्टी येतात, आणि कम्पल्शन टिकून राहते ते याच सुटकेमुळे.

‘कृती’ या शब्दाचा सापळा वेगळा. कृती म्हटले की हात-पाय हलणार असे वाटते. पण मनातल्या मनात आकडे मोजणे, ठरावीक शब्द घोकणे, झालेला प्रसंग पुन्हा पुन्हा तपासून पाहणे, ‘वाईट’ विचार खोडायला ‘चांगला’ विचार आणणे हीसुद्धा कम्पल्शनच. म्हणून ‘उघड किंवा मनातल्या मनात केलेली कृती’ असे लिहावे. नाहीतर रुग्ण सगळे काही ‘विचार’ या खात्यात टाकतो आणि मापनीतल्या कृतीच्या पाचही प्रश्नांवर शून्य पडते. कोणते खाते हे ठरत नसेल तर विचारावे: हा विचार तुम्हाला येतो की तुम्ही तो करता? तो आल्याने बेचैनी वाढते की केल्याने कमी होते? बहुतेकांना लगेच उत्तर देता येते.

येल-ब्राउन मापनी 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा प्रश्न आहेत: पाच विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल. प्रत्येकाला 0 ते 4, म्हणजे एकूण 40. दोन्ही बाजूंना क्रम तोच: वेळ, व्यत्यय, त्रास, प्रतिकार, ताबा. मराठीत शेवटचे दोन हमखास एकमेकांत मिसळतात. ‘प्रतिकार’ हा प्रश्न धडपडीबद्दल आहे, यशाबद्दल नाही. नेहमी धडपड करणाऱ्याला 0, स्वखुशीने शरण जाणाऱ्याला 4. ‘ताबा’ यशाबद्दल आहे: पूर्ण ताबा असेल तर 0, मुळीच नसेल तर 4. दिवसभर झगडून एकदाही न जिंकणाऱ्या रुग्णाला प्रतिकारात 0 आणि ताब्यात 4 मिळायला हवेत. दोन्ही प्रश्न ‘थांबवता येते का?’ असे विचारले तर त्याला 4 आणि 4 मिळतात. विचार आणि कृती अशा दोन्ही बाजूंना हेच झाले की 8 गुण फुकट वाढतात. मापनीवर 8 ते 15 सौम्य, 16 ते 23 मध्यम, 24 ते 31 तीव्र मानतात. म्हणजे एका क्रियापदाच्या चुकीने रुग्ण एक पूर्ण पायरी वर जातो, आणि ‘किमान 16 गुण’ अशी प्रवेशाची अट असलेल्या चाचणीत नको तो माणूस घेतला जातो. ‘थांबवण्यासाठी किती धडपड करता?’ आणि ‘धडपड केल्यावर कितपत थांबते?’ असे दोन वेगळे प्रश्न करावेत.

उलट-भाषांतराने ही चूक सापडेल असे समजू नये. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करणे, दोन्ही मसुदे जुळवणे, तिसऱ्याने परत इंग्रजीत नेणे ही पद्धत योग्यच आहे. पण ती शब्दाला शब्द ठेवणाऱ्याला बक्षीस देते. ‘सक्ती’ची पुन्हा ‘कम्पल्शन’ होते, ‘प्रतिकारा’चा ‘रेझिस्टन्स’ होतो, सगळे जुळल्यासारखे दिसते. चूक कळते ती शेवटच्या पायरीवर, जी घाईत गाळली जाते: काही रुग्णांना प्रश्न वाचायला देऊन ‘यात काय विचारले आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणणे. वेळ तिथेच द्यावा.

आता उपचाराचे नाव. ‘अनावरण आणि प्रतिसाद प्रतिबंध’ हे रूप तीन ठिकाणी घसरते. अनावरण फलकाचे होते. ‘प्रतिसाद’ हाच शब्द त्याच अहवालात औषधाला मिळालेल्या प्रतिसादासाठी येणार, आणि वाचणाऱ्याला वाटणार की उपचाराने प्रतिसादच रोखला. ‘प्रतिबंध’ म्हणजे दुसऱ्याने केलेला मज्जाव. व्हिक्टर मेयर यांच्या 1966 च्या मूळ कामात तो तसा होताही: परिचारिका सतत सोबत राहून रुग्णाला धुण्यापासून परावृत्त करत, खोलीचे पाणीही बंद केलेले असे. आजच्या पद्धतीत मात्र रुग्ण स्वतः, समजून-उमजून, कमी त्रासाच्या प्रसंगापासून सुरुवात करून स्वतःला आवरतो. ‘आवरणे’ हे क्रियापद इथे चपखल आहे, कारण आवरणारा आणि ज्याला आवरायचे तो एकच. म्हणून ‘भीतीला सामोरे जाणे आणि कृती आवरणे’. उदाहरणार्थ, दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात धुणे आवरायचे. विचार मात्र आवरायचा नाही, त्याला येऊ द्यायचे, हेही लगेच पुढच्या ओळीत लिहावे, नाहीतर रुग्ण विचाराशीच झुंजत बसतो. याच कारणाने 2010 च्या सुधारित मापनीतून विचारांच्या प्रतिकाराचा प्रश्न काढला गेला. उपचार शिकलेला रुग्ण विचाराशी झगडणे सोडतो, आणि जुन्या मापनीवर त्याचे गुण वाढलेले दिसत.

निकालाच्या शब्दांत फार जपावे. ‘रिस्पॉन्स’ म्हणजे बरे होणे नव्हे. बहुधा मापनीवरचे गुण निदान 35 टक्के कमी होणे अशी त्याची व्याख्या असते, काही चाचण्यांत 25 टक्के. 28 गुणांवरून 18 वर आलेला रुग्ण 35 टक्क्यांच्या व्याख्येतही बसतो, आणि तरीही मध्यम आजारीच असतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषध चालू असलेल्या 100 प्रौढांना जोडीला भीतीला सामोरे जाण्याचा हा उपचार, रिस्पेरिडोन हे दुसरे औषध किंवा प्लॅसिबो (औषध नसलेली गोळी) दिला. गुणांत किमान 25 टक्के घट अनुक्रमे 80, 23 आणि 15 टक्के रुग्णांत दिसली. गुण 12 किंवा त्याखाली आलेले मात्र 43, 13 आणि 5 टक्के. पहिला आकडा ‘80 टक्के रुग्ण बरे झाले’ असा छापला तर ते सरळ खोटे ठरते.

बोलीत यासाठी पायऱ्या तयार आहेत. ‘रिस्पॉन्स’ला ‘उतार पडणे’, ‘रेमिशन’ला ‘लक्षणे ओसरणे’, दीर्घकाळ तसेच राहिले तर ‘बरे होणे’, आणि ‘रिलॅप्स’ला ‘दुखणे उलटणे’. प्रत्येकापुढे गुणांची मर्यादा एकदा कंसात द्यावी. गोळ्यांबद्दल लिहिताना ‘गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात’ असे लिहावे, पण त्याच परिच्छेदात मापनीचे ‘गुण’ येत असतील तर तिथे ‘अंक’ म्हणावे. नाहीतर ‘औषधाने गुण आला’ आणि ‘औषधाने गुण घटले’ या दोन आनंदाच्या बातम्या एकमेकींच्या विरुद्ध वाचल्या जातात.